नाव घातलेला पेला

सोमवार, ११ मार्च २०१९

दिवसाची सुरुवात बोलणी खाऊन झाली. द्वारकाबाई पडेगावच्या पलीकडे नव्या प्लॉटिंगमध्ये राहतात आणि त्यांच्या वसाहतीचं पाणी त्याच बघतात. मी दात घासत होते तेव्हा त्यांचा फोन आला.

"बाई, टँकर कुठं हाय? मोबाइलात तर दिसतंय दारात आलाय. दारात नुसते ड्रम हायेत आन् आम्ही!"

टँकर छावणीच्या फाटकावर अडला होता. तिथून जड गाडी आत सोडत नाहीत हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टँकरना वाट दाखवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरलाही परवापर्यंत ठाऊक होतं. त्याच्यामागे आणखी चार टँकर त्याच वाटेने आले आणि फाटकावर जत्रा भरली.

कारण दुपारी सापडलं. आमच्या कंपनीचा मालक हिमांशू, त्याने शनिवारी कुणाला तरी दाखवायला म्हणून इंटरनेटवरून एक नवं एक्स्टेन्शन, म्हणजे आयती जोडणी, आणलं आणि थेट चालू डेटाबेसमध्ये बसवलं. त्या जोडणीत अंतर मोजणारं एक फंक्शन होतं, नाव डिस्टन्स. आमचंही एक होतं, त्याचंही नाव डिस्टन्स. आमच्याकडे सगळा संसार 'पब्लिक' नावाच्या एकाच खोलीत मांडलेला, तेव्हा नवीन आलं ते जुन्याच्या उरावर बसलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. आमचं फंक्शन रस्त्याने अंतर मोजायचं, फाटकं आणि वळसे धरून. हे नवं सरळ रेषेत मोजतं, टँकरला पंख असल्यासारखं.

बॅकअपमधून जुनं परत आणलं. टँकरमालकांच्या संघाचे मोतीराम संध्याकाळी कॅनॉटला ऑफिसात येऊन बसले. चहा घेतला नाही, त्यावरूनच मी ओळखलं.

"ताई, नळ नाय तिथं आमी, आन् आमी म्हंजे तुमचं मशीन. आजून एकदा असं झालं तर आपला रामराम."

हिमांशू म्हणतो, डेटाबेस नीट लावायला बाहेरचा जाणता माणूस आणू. पहिल्या दिवसापासून या कंपनीत मी आहे, कॉलेजात त्याला डेटाबेसच्या पेपरात मी पास केलंय, आणि जाणता माणूस म्हणे बाहेरून आणायचा. घरी आईवर चिडले.

गुरुवार, १४ मार्च

आले ते जाणते. सय्यद हैदर. पन्नाशीचे, दाढी नीट कातरलेली, शर्टाला कडक इस्त्री. पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळलेत, आता इथे घरी परत आलेत. मेअखेरीपर्यंत बोली आहे, पुढचं तेव्हा ठरणार. हिमांशूने मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांचं नाही जमलं तर तांत्रिक प्रमुख तूच." म्हणजे त्यांचं जमू नये असा देवाला नवस करायचा की काय मी? खरं सांगायचं तर मनातल्या मनात थोडासा केला.

त्यांनी पहिलं काम सांगितलं, "सगळ्या फंक्शनांची यादी वाचा."

"स्क्रीनवर आहे ना समोर."

"तुम्ही वाचा. मी ऐकतो."

वाचू लागले. एकट्या नकाशाच्या एक्स्टेन्शनचीच हजाराच्या वर फंक्शनं, त्यात मधूनमधून आमची चाळीसेक, तांदळातल्या खड्यांसारखी. घसा सुकला. त्यांनी विचारलं, "यात आपली कुठली आणि पाहुण्यांची कुठली?" मला धड सांगता येईना. म्हणाले, "तुम्हाला कळंना, तर त्या बिचाऱ्या डेटाबेसला कसं कळणार?"

पहिल्याच दिवशी मास्तरकी! तणतणत उठले आणि टेबलावरचा पेला उचलून पाणी प्याले. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, काठाखाली अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा माझा आहे. नाव आहे त्यावर." बारीक ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं खरं, पण ऑफिसचे सगळे पेले तसेच स्टीलचे. आता मी काय प्रत्येक पेला तपासून पाणी प्यायचं?

मंगळवार, १९ मार्च

आज बेत समजावला. चिडायचं ठरवून बसले होते, पण ऐकत राहिले.

"तुमच्या घरी भांड्यांवर नाव घालतात ना?"

घालतात. आईच्या वाटीवाटीवर 'म. ग. पैठणकर' आहे. शेजारी कुणाकडे मुंज असली की आमची पातेली जातात आणि नाव पाहून परत येतात.

"आमच्यात पन तेच. शादीला अख्ख्या गल्लीच्या देगच्या एका मांडवात. नाव नसलं की सुबह को झगडा. तुमच्या पब्लिकमध्ये सगळ्या गल्लीची भांडी बिगरनावाची पडलीत."

म्हणजे असं. प्रत्येक एक्स्टेन्शनला स्वतःचा वेगळा स्कीमा, म्हणजे डेटाबेसच्या आतलं वेगळं घर. नकाशाची जोडणी 'नकाशा' या घरात. वसाहतींची नावं लोक दहा तऱ्हांनी लिहितात, ती जुळवणारी जोडणी 'शोध'मध्ये. पासवर्डवाली 'कुलूप'मध्ये. आमचं स्वतःचं जे काही आहे ते 'टँकर'मध्ये, तिथे पाहुणा नको. मग प्रत्येक घरात एकेक डिस्टन्स असलं तरी कुणी कुणाच्या उरावर बसणार नाही. एखादी जोडणी बदलायची किंवा काढून टाकायची झाली, तरी तिचं घर तेवढं हलेल.

यावर एक नियम: बोलावताना पूर्ण नाव घ्यायचं. आधी घर, मग टिंब, मग नाव. नकाशा टिंब डिस्टन्स.

मी म्हटलं, त्याची काय गरज? सर्च पाथ असतोच की. नुसतं नाव घेतलं तर कुठल्या घरांमध्ये आणि कुठल्या क्रमाने शोधायचं, हे त्यात लिहून ठेवलं की झालं.

"ठेवू ना, जुन्या कोडसाठी ठेवू. पन नवीन लिहाल ते पूर्ण नावाने. नुसतं नाव घाईचा माणूस घेतो. आणि तुम्ही कायम घाईत."

मी घाईत असते? बाकी कोण करतं मग इथली कामं?

शुक्रवार, २९ मार्च

छोट्या जोडण्या आपापल्या घरी गेल्या. एकेका आज्ञेत. 'शोध' इतक्या शहाण्यासारखी गेली की मला उगीच वाटलं, इतकी वर्षं हे का केलं नाही कुणी. हे वाक्य हिमांशूला दाखवायचं नाही.

बुधवार, १० एप्रिल

नकाशा हटत नाही. ही जोडणी एकदा जिथे बसली तिथून उठवता येत नाही, तशी सोयच तिच्यात नाही. हैदरभाई हसून म्हणाले, "घरजावई आहे, असा नाय उठनार." उपाय एकच: कोरा डेटाबेस उभा करायचा, त्यात आधी 'नकाशा' हे घर बांधायचं, जोडणी तिथे बसवायची आणि मग जुन्यातला सगळा डेटा नव्यात आणून भरायचा. भरताना टँकर बंद पाहिजेत. या उन्हाळ्यात टँकर कधी बंद असतात?

माणूस विचित्र आहे. स्कूटर घरी झाकून ठेवलीय आणि शहागंजहून शेअर रिक्षाने येतो. पेट्रोल वाचवत असणार. खिडकीतला चांगला उजेडाचा कोपरा दिला तर खिडकीकडे पाठ करून बसतो. स्क्रीनवर अक्षरं एवढी मोठी करतो की एका ओळीत चार शब्द मावतात. आणि जिन्यात मी समोरून आले तर ओळखसुद्धा दाखवत नाही, मी आधी बोलले की मगच "अरे, वैदेही". पुण्याचा तोरा, दुसरं काय.

शनिवार, २० एप्रिल

आज कबूल करते, इथे कबूल करायला काय जातंय. बाप माणूस आहे.

आमची चाळीस फंक्शनं पूर्ण नावांनी नव्याने लिहायचं काम चालू आहे. मी लिहिते आणि मोठ्याने वाचून दाखवते, ते डोळे मिटून ऐकतात. सुरुवातीला मला शाळेत उभं केल्यासारखं वाटायचं. आज एका लांबलचक फंक्शनच्या मधोमध म्हणाले, "थांबा. मघाशी तुम्ही हे अंतर किलोमीटरमध्ये घेतलं. आता मीटर म्हणालात." मागे जाऊन पाहिलं. खरंच होतं. स्क्रीनवर मी तो मजकूर दोनदा बघितला होता आणि मला दिसलं नव्हतं. बिडकीनचा टँकर हिशेबात थेट जालन्यात जाऊन पोचला असता.

अख्खा डेटाबेस त्यांच्या डोक्यात आहे. कुठलं टेबल कुणाच्या घरात, त्याचा शेजारी कोण, सगळं. विचारलं तर म्हणाले, "घर नीट लावलेलं असलं की अंधारात पन फिरता येतं." मीही आता डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न करते. मला झोप येते.

चहा मात्र त्यांनी आज पुन्हा पेल्याच्या बाहेर ओतला. एवढा हुशार माणूस आणि हाताने असा वेंधळा.

मंगळवार, ७ मे

आजपासून रोजे. हैदरभाईंनी दुपारी डबा उघडला म्हणून मी जरा चकितच झाले. "डॉक्टरने मना केलंय या साली," एवढंच बोलले. ॲसिडिटी असेल. माझे बाबाही चतुर्थी सोडून बसलेत त्यापायी.

जायकवाडी मृतसाठ्यात गेलंय. द्वारकाबाईंकडे आता तिसऱ्या दिवशी टँकर जातो आणि त्यात पाहुणे आले तर त्या पाहुण्यांनाच ड्रम धरायला लावतात. आम्हाला मात्र एक वाट सापडली: मोठी जलवाहिनी दुरुस्त करायला पुढच्या शुक्रवारी पंपिंग बंद राहणार आहे. चारपर्यंत एकही टँकर भरणार नाही. हैदरभाईंनी तारीख ऐकून टेबलावर टिचकी मारली, "बस, तोच दिवस." मग जरा थांबून म्हणाले, "पन मी नसेन त्या दिवशी. डोळ्याच्या दवाखान्याची तारीख आहे, ती हलत नाही. तुम्ही करनार."

चष्म्याचा नंबर काढायला आयुष्यात दुसरा दिवस मिळाला नाही यांना?

रविवार, १२ मे

रंगीत तालीम झाली. सगळा डेटा कोऱ्या डेटाबेसमध्ये भरला, एकही चूक नाही. हिमांशूने पेढे आणले. हैदरभाई म्हणाले, "पेढे शुक्रवारी. आता यानंतर एक अक्षर जरी बदललं, तर तालीम पुन्हा."

बुधवार, १५ मे

मोतीरामांचा फोन. बिडकीनकडे नव्या कारखान्यांच्या बांधकामावर माणसं वाढलीत, तिथले रस्ते रोज बदलतात, तेवढं धरा. मी रस्त्याचं फंक्शन तासाभरात दुरुस्त केलं. हैदरभाईंनी विचारलं, "मोठ्याने वाचलं का?" हो म्हणाले. वाचलं नव्हतं. पुन्हा तालीमही नाही. दोन ओळींसाठी कोण अख्खा दिवस घालवणार?

शुक्रवार, १७ मे

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी पंपिंग बंद झालं, मी जुनं थांबवलं आणि नवं भरायला घेतलं. हिमांशू दारात उभा. काल तो साफ बोललाय, "चारपर्यंत झालं नाही तर जुन्यावर परत जायचं. आणि मग हैदरभाईंना नमस्कार. सारखी सारखी संधी नाही मिळत."

दुपारी भरण थांबलं. वसाहतींच्या टेबलावर, जिथे प्रत्येक टँकरचं उतरायचं ठिकाण आहे आणि ओळ भरताना अंतर तपासलं जातं, तिथेच. लाल अक्षरांत: 'डिस्टन्स नावाचं फंक्शन सापडत नाही.' मी पाहिलं तर नकाशाच्या घरात डिस्टन्स होतं, ठणठणीत. पुन्हा भरलं, पुन्हा तिथेच अडलं. मोतीरामांचे फोन सुरू झाले. नक्षत्रवाडीला टँकरांची रांग लागलीय, चार वाजता पाणी सुटलं की कुठे जायचं ते सांगा.

आणि मग मनात आलं. हे इथेच थांबलं तर जुनं चालू करता येईल. कुणाचं पाणी तुटणार नाही. दोष बेताचा, बेत हैदरभाईंचा, आणि खुर्ची माझी. मी काही वाईट करायची गरजच नव्हती, नुसतं स्वस्थ बसायचं होतं. बसलेसुद्धा थोडा वेळ. मग समोर त्यांचा पेला दिसला, पालथा घालून ठेवलेला, आणि मला माझीच लाज वाटली. फोन लावला.

पलीकडून नजमाभाभी, त्यांच्या पत्नी. "वो आत्ताच बाहेर आलेत. बोलू शकत नै." मागून त्यांचा आवाज आला, "किसका है? वैदेही? दे इधर."

"हैदरभाई, नकाशात डिस्टन्स आहे, आणि हा म्हणतोय सापडत नाही!"

"वाच."

पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. मी अख्खा मजकूर वाचला, मग फंक्शन वाचू लागले. माझं परवाचं, बिडकीनचं. दुसऱ्याच ओळीला ते म्हणाले, "थांब. डिस्टन्सच्या आधी काय लिहिलंय?"

मी पाहिलं. "काही नाही."

"कुनाच्या घरातलं डिस्टन्स?"

मी नुसतं नाव लिहिलं होतं.

"रोज सर्च पाथ असतो म्हनून चालून जातं, बेटा. पन भरन चालू असताना तो रिकामा ठेवलेला असतो. तेव्हा डेटाबेस कुनाचंच घर धरून चालत नाही, प्रत्येकाला पत्ता विचारतो. तू पत्ता नाय दिला. घाईत होतीस."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी 'नकाशा' आणि एक टिंब लिहिलं. पुन्हा भरलं. साडेतीनच्या सुमारास शेवटचं टेबल उभं राहिलं. चार वाजता पहिला टँकर निघाला तो छावणीला वळसा घालून, मिटमिट्याच्या अंगाने, आणि द्वारकाबाईंच्या दारात थांबला. त्यांचा फोन नाही आला. पाणी वेळेवर आलं की त्या फोन करत नाहीत.

शनिवार, १८ मे

पेढे घेऊन दवाखान्यात गेले. वाटेत वाक्य जुळवत होते: चूक माझी होती, वाचलं म्हणून खोटं बोलले, वगैरे.

हैदरभाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

मी दारातच उभी राहिले. नजमाभाभी बाहेर आल्या. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?" साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्लेत. उजवा गेला दोन वर्षांपूर्वी, पुण्यातलं काम त्यातच सुटलं. डाव्याने आत्तापर्यंत थोडं, भोकातून बघावं तसं दिसत होतं. काल त्यात इंजेक्शन दिलं, उजव्याची आग होते म्हणून त्याच्यावरही पट्टी. डाव्याचाही डॉक्टर भरवसा देत नाहीत. "मी म्हनलं, बस करो अब नोकरी. तर म्हनतात, मेरे कू दिखना जरूरी नै, चीज अपनी जगा पे होना जरूरी है."

स्कूटर. खिडकीकडे पाठ. जिन्यातला तोरा. सांडलेला चहा. "तुम्ही वाचा, मी ऐकतो." मी या सगळ्याचं या वहीत काय काय लिहून ठेवलंय! पानं फाडणार होते, पण नाही फाडत. राहू दे, माझी मलाच लाज वाटायला.

आत जाऊन विचारलं, "ती घरं तुम्ही स्वतःसाठी बांधलीत?"

"टँकरसाठी बांधली. माझ्यासाठी पन. हजार नावं ऐकायची म्हनलं तर माणूस येडा होईल. चाळीस ऐकता येतात." मग हसले. "कारणं दोन्ही खरी. एक सांगितलं, ते पुरेसं होतं. दुसरं सांगितलं असतं तर हिमांशूने पहिलं ऐकलंच नसतं."

मी पेढा त्यांच्या हातात दिला. अर्धाच खाल्ला, साखर आहे ना. मी तिथे बसून रडले, आणि त्यांना दिसत नाही म्हणून डोळेही पुसले नाहीत. ते म्हणाले, "नाक तरी पुसा."

सोमवार, २७ मे

हिमांशूला मीच सांगितलं, त्यांची परवानगी घेऊन. तो वाईट नाही. आधी त्यांच्या डोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "वाईट वाटतंय गं. पण दिसत नसलेला माणूस डेटाबेस कसा सांभाळणार? ती खुर्ची तू घे."

मार्चपासून याच वाक्याची वाट बघत होते. आज ते आलं आणि मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत थांब."

संगणकाला वाचायला लावणारं सॉफ्टवेअर बसवलं. त्याचा आवाज नाकातला आणि भयंकर वेगाचा आहे. मला एक अक्षर कळत नाही. हैदरभाई म्हणाले, "अजून जोरात पळवा त्याला."

शुक्रवार, ३१ मे

मोतीरामांनाच बोलावून घेतलं होतं. त्यांच्याकडे तक्रार तयारच असते. "बिडकीनच्या रस्त्यावर येकच टँकर दोनदा दिसतोय. ड्रायव्हर म्हनतो मी एकदाच गेलो. कोन खोटं बोलतंय, तेवढं सांगा."

हैदरभाई कानाला हेडफोन लावून बसले. स्क्रीन मी मुद्दाम बंद केली होती. त्यांनी फक्त 'टँकर' या घराची यादी मागितली आणि मान किंचित कलती ठेवून ऐकू लागले. मोतीराम चहा फुंकायचेसुद्धा थांबले. मध्येच हैदरभाईंनी बोट वर केलं, एक फंक्शन उघडून ऐकलं, मागे जाऊन पुन्हा ऐकलं.

"ड्रायव्हर खरा आहे. त्याचा मोबाइल मध्येच बंद पडला, पुन्हा चालू झाला. आपण त्याला नवी खेप धरतोय. वैदेही, टँकर टिंब खेप, त्यात वेळ तपासायची अट घाला."

घातली. नकाशावरचा दुसरा टँकर नाहीसा झाला. मोतीराम उठून त्यांच्याजवळ गेले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मला वाटलं तुमी गानी ऐकताय."

हिमांशू उठला. जुना, सगळं एकाच खोलीत असलेला डेटाबेस हैदरभाईंनी अजून जपून ठेवलाय. हिमांशूने तो उघडला, स्वतः हेडफोन लावले आणि स्क्रीनकडे पाठ करून यादी ऐकायला बसला. चहा संपायच्या आत त्याने हेडफोन काढले. कान चोळत म्हणाला, "यात आपलं कुठलं तेच कळत नाही. हैदरभाई, जूनपासून पक्के. वैदेही, सॉरी. खुर्ची नाही तुला."

"खुर्ची आहे की," हैदरभाई म्हणाले. "माझ्या बाजूची. वाचणार कोण?"

मी म्हटलं, "मी वाचीन, पण झोप आली तर बोलायचं नाही." मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला काहीतरी फाजील बोलणं भागच होतं.

गुरुवार, ६ जून

काल ईद झाली. आज हैदरभाई शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. डब्यावर नजमाभाभींचं नाव, म्हणजे परत करायचा. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे सरकवलं. "हे परत नाही करायचं."

स्टीलचा पेला, त्यांच्यासारखाच. सिटी चौकातल्या भांडीवाल्याकडून नाव घालून आणलेला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी, पूर्ण वळसा घेऊन, जेमतेम मावलेलं: वैदेही मधुसूदन पैठणकर.

"तो म्हनाला, भाई, वैदेही बस आहे, बाकीचं मावनार नाय. मी म्हनलं, मावव. या मुलीला नुसतं नाव लिहायची सवय आहे."

मी डोळे मिटून अंगठा फिरवला. 'वै'च्या पुढे काही कळेना. त्यांनी माझा अंगठा धरून सुरुवातीला नेऊन ठेवला, "सावकाश. घाई नको." आडनावापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. पोचले तेव्हा त्यांनी मान डोलावली.

मग आम्ही कामाला बसलो. मी वाचत होते, ते ऐकत होते. दोन पेले टेबलावर शेजारी शेजारी होते. त्यांनी न चाचपडता हात पुढे केला आणि आपला उचलला.